जाळीचा देवमन, रेघांचा देवमन

कोणत्या चित्राला कोणता ब्लॉक लावायचा हे मला सोळाव्या वर्षी कळत होतं आणि आबांना पन्नाशीला टेकूनही कळलं नव्हतं. हे मी आज बिनधास्त लिहिते, कारण आबा आता नाहीत. आणि असते तरी लिहिलंच असतं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, मी त्यांना पाच. रिसोडच्या पेठेत आमच्या घराची पुढची खोली म्हणजे छापखाना, मागची म्हणजे स्वयंपाकघर, आणि मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे आबा पायानं ट्रेडल मशीन चालवायचे, पलीकडे माय भाकरी थापायची, आणि मी दोन्हीकडे. छापून झालेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, आम्ही रॉकेलनं धुवायचो, त्यामुळे आमच्याकडच्या पिठालासुद्धा रॉकेलचा वास असायचा. पाहुणे पहिला घास घेतला की थबकायचे. आम्हाला तो वास कधी आला नाही. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा यायच्या, माय त्यांचे सोले काढून लसणाच्या ठेच्यात अशी भाजी करायची की आबा मशीन अर्धवट थांबवून आत येत, आणि शाईचे हात तसेच घेऊन ताटावर बसत. मग माय ओरडे, ते उठत, आणि राखेनं हात घासता घासता गिऱ्हाइकाला आतूनच ओरडून सांगत, "बसा हो, आलोच!"

शाळा मी आठवीत सोडली. मला कोणी सोडायला लावली नाही, मलाच खिळे जुळवणं जास्त आवडत होतं. शिशाची उलटी अक्षरं मी सुलट्यापेक्षा वेगानं वाचायची. मोठ्या जाहिरातींसाठी आमच्याकडे लाकडी अक्षरं होती, सागवानाची, वितीएवढी. पण संच जुना होता आणि त्यात अर्धी अक्षरं गहाळ. "ळ" तर कधी नव्हताच. एकदा मेळ्याची जाहिरात आली तेव्हा आबा डोक्याला हात लावून बसले, तर मी सुताराकडून पटाशी आणून दुपारभरात "ळ" कोरला. मग "ज्ञ" कोरला, मग "श्री". आबा गिऱ्हाइकांना सांगायचे की अक्षरं अमरावतीहून आणली. मी आतून ओरडायची, "अमरावती मागच्या खोलीत बसून हाये!" आणि ते हसून विषय बदलायचे. माझं कौतुक त्यांना होतं, पण ते गिऱ्हाइकासमोर कबूल करायला जीव जायचा.

आता ब्लॉकचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. छापखान्यात फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. अकोल्याला ब्लॉकवाल्याकडे फोटो न्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर त्याचे ठिपके करून द्यायचा. सावली असेल तिथं मोठे ठिपके, उजेड असेल तिथं बारके. लांबून पाहिलं की चेहरा, भिंग लावून पाहिलं की नुसते ठिपके. हा जाळीचा ब्लॉक. जाळी जितकी बारीक तितका चेहरा सुरेख, पण मग कागदही तसाच गुळगुळीत, महागाचा लागतो. दुसरा रेघेचा ब्लॉक. त्यात सावली नाही, मधला रंग नाही. एकतर काळं नाहीतर कोरं. नकाशा, सही, शिक्का, बैलजोडीचं चित्र यांना तो. रेघेचा ब्लॉक कोणत्याही कागदावर उठतो, पतंगाच्या कागदावर म्हणा की किराण्याच्या पुडीवर म्हणा. आबांच्या लेखी जाळीचा ब्लॉक म्हणजे प्रतिष्ठा आणि रेघेचा म्हणजे बिडीचं बंडल. येईल त्या गिऱ्हाइकाला ते जाळीच सुचवत, तीही बारीक.

माझा नातू हल्ली त्याच पेठेत कम्प्युटर सेंटर चालवतो. परवा एक दुकानदार त्याच्यावर तणतणत होता की बोर्डावरचं नाव कडेला धुरकट आलं. मी आत बसून ऐकत होते. नातवानं बापड्यानं जेपीजी, पीएनजी, केबी असं काहीबाही समजावलं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "रेघेच्या चित्राले तू जाळीचा ब्लॉक लावून राह्यला बाप्पा, धुरकट नाई तर काय होईन?" नातू म्हणाला, "आजी, तुले कसं समजलं?" समजलं म्हणजे काय! तुझ्या बापाचा जन्म व्हायच्या आधीपासून समजतं. फाइल लहान करायची तर काहीतरी टाकावं लागतं. काय टाकायचं आणि काय ठेवायचं एवढाच तो सगळा प्रश्न. आणि तो मला पंचफुलाबाईनं शिकवला.

पंचफुलाबाई शिरपूरच्या वाटेवरच्या एका वस्तीतली. रोजमजुरी करणारी, उंच, काटक बाई. ती आली तेव्हा सोल्यांचेच दिवस होते. दारात उभी राहून तिनं आबांना "जय भीम" केला आणि पदराच्या गाठीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "माहा पोरगा हरपला. देवमन नाव त्याचं. पाच दिस झाले." देवमन पंचविशीचा, जन्मापासून बहिरा, म्हणून मुका. मायलेक रिसोडच्या बाजाराला आले होते. ती दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभी असताना तो एसटी स्टँडवर गेला आणि कुठल्यातरी गाडीत चढून बसला. कुठली गाडी, कोणी पाहिली नाही. त्याला ऐकू येत नाही, गावाचं नाव सांगता येत नाही, लिहिता येत नाही. "भुकीन मरून जाईन वं माहं लेकरू," ती मायकडे पाहून म्हणाली. मायनं तिला आत नेऊन भाकर वाढली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला, आणि तसाच ठेवून दिला.

फोटो देखणा होता. कोट, टाय, काळी टोपी, मनगटावर घड्याळ. स्टुडिओत कोट आणि घड्याळ भाड्यानं मिळायचं, तेव्हा सगळेच तसे फोटो काढायचे. आमच्या आबांचाही एक आहे, त्यात ते बॅरिस्टर दिसतात. चेहरा स्वच्छ, गाल तुकतुकीत, दोन्ही डोळे सरळ समोर. आबा म्हणाले, "बाई, चिंता करू नका. असा ब्लॉक आणतो, का पोरगा कागदातून बोलन." आणि खरंच दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. मी दारापर्यंत मागे गेले आणि म्हटलं, "आबा, जाळी मोठी घ्या. हँडबिलाचा कागद पतंगाचा असते, बारीक जाळी शाईनं भरून जाईन." ते म्हणाले, "तू तुही कामं कर." तिसऱ्या दिवशी ब्लॉक घेऊन आले. जाळी इतकी बारीक की उघड्या डोळ्यांना ठिपका दिसू नये. लग्नाच्या गुळगुळीत पत्रिकेला लावतात ती.

मग जे व्हायचं ते झालं. पिवळ्या पतंगी कागदावर पहिली प्रत निघाली आणि देवमनच्या जागी टोपी घातलेला काळा गोळा. शाई कमी केली तर करडा गोळा. शाईचा रूळ धुतला, ब्लॉक धुतला, दाब कमी केला. गोळा तो गोळाच. आबा माझ्याकडे बघेनात. शेवटी त्यांनी कपाटातला लग्नपत्रिकांचा गुळगुळीत कागद काढला, स्वतःच्या पदरचा, आणि त्यावर निघतील तेवढी, चाळीस की पन्नास, पत्रकं काढली. त्यांच्यावर मात्र देवमन काय उठला होता! कोटाच्या गुंडीवरची चमकसुद्धा दिसत होती. आबांनी ती पत्रकं स्वतः मालेगाव, वाशीम, शेलूबाजार, मंगरूळपीर इथल्या स्टँडांवर पोचवली. मायनं मैद्याची खळ शिजवून डब्यात भरून दिली होती, त्या खळीनं ती भिंतींवर चिकटवली. मग आम्ही वाट पाहत बसलो. पंचफुलाबाई रोज पायी यायची, दाराशी बसायची, संध्याकाळी उठून जायची. चार दिवस गेले. कोणीच आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी ते पत्रक आणि मूळ फोटो शेजारी ठेवून भिंग लावून पाहत होते. चेहरा नेमका कुठं बिघडला असेल, एवढंच मला बघायचं होतं. पत्रकात ठिपके होते, ते असणारच. पण फोटोत, जिथं एकही ठिपका असायचं कारण नाही, तिथं मला कुंचल्याचे फटकारे दिसले. गालांवर, कपाळावर, सगळीकडे बारीक बारीक रंग भरलेला. आणि डावा डोळा! उजव्या डोळ्याच्या बुबुळात खिडकीचा उजेड होता, डाव्याच्या बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता, तोही भलत्या बाजूला. तो डोळा काढलेला होता. मी बाहेर गेले. पंचफुलाबाई ओट्यावर बसली होती. मी सरळ विचारलं, "मावशी, याले डावा डोया हाये का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग तिचा आवाज चढला. "काहून पुसून राह्यली तू? फोटू देल्ला न मी तुमाले? फोटूत दोन डोये हायेत न?" मी म्हटलं, "फोटूत हायेत. त्याले हायेत का?" ती उठली, फोटो मागितला, निघाली, चार पावलं गेली, आणि रस्त्यातच मटकन बसली. माय धावली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. देवमन तीन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण डावा डोळा गेला, आणि तोंडभर वण राहिले. फोटो होता तो सोयरिकीसाठी. मालेगावकडची एक मुलगी पाहिली होती, तिच्या घरच्यांनी मुका असला तरी चालेल म्हटलं होतं. डोळ्याचं पंचफुलाबाईनं सांगितलंच नव्हतं. फोटोवाल्याला सांगून डोळा भरून घेतला, वण पुसून घेतले, आणि फोटो त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी होकार कळवला होता. "आता तुमी गावोगाव एका डोयाचा छापसान," ती म्हणाली, "तं थे लोकं पाह्यतीन. सोयरीक मोडन. माह्या मुक्या लेकराले दुसरी पोरगी कोन देईन वं बाई?"

मला तेव्हा तिचा संताप आला होता, हे खरं सांगते. चार दिवस आम्ही भिंतीभिंतीवर एका भलत्याच माणसाला शोधत होतो! तोंडाशी आलेलं सगळं मी बोलणार होते, पण मायनं माझ्या दंडाला धरून दाबलं. आज मी स्वतः दोन मुली आणि एक मुलगा उजवून बसले आहे, आणि मला पंचफुलाबाईचा राग येत नाही. कोणती आई पोराचा गेलेला डोळा दाखवते? मी दाखवला नसता. पण तेव्हा मी सोळाची होते आणि मला फक्त एकच दिसत होतं, की कुठल्यातरी गावात एक मुका माणूस उपाशी फिरतोय आणि त्याच्याकडे पाहून कोणाच्या डोक्यात आमचं पत्रक येत नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "मावशी, सून पाह्यजे का पोरगा?"

पेठेतून एक बैलगाडी गेली, तिला जागा द्यायला आम्ही तिघी बाजूला सरलो. मग पंचफुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "सोयरीक जाऊ दे चुलीत," ती म्हणाली. "लिही काय लिहाचं हाये थे. डावाच व्हय. पांढरा पडेल हाये."

आबा म्हणाले, पुन्हा अकोल्याला जातो, मोठ्या जाळीचा ब्लॉक आणतो. मी म्हटलं, कशाचा आणता? ज्याच्यावरून आणायचा तो फोटोच खोटा आहे. मी रेघांनी काढते, लाकडात कोरते, संध्याकाळी छापू. आबांचा पारा चढला. "मानसाचं तोंड व्हय ते, बिडीचं बंडल नोहे! लोकं हसतीन आपल्या छापखान्याले." मी म्हटलं, "हसू द्या. हसतीन म्हंजे पाह्यतीन तरी." माय पडद्याआडून म्हणाली, "काढू द्या न तिले. तुमचा कोटवाला बॅरिस्टर पाह्यला आमी चार दिस." आबा तरातरा बाहेर पानठेल्यावर गेले.

पंचफुलाबाईला मी आत खिळ्यांचे खण मांडलेल्या घोडीजवळ बसवलं आणि पाटीवर खडूनं काढायला लागले. कोट पुसला. टाय, टोपी पुसली. ती म्हणाली, डोक्याले दुपट्टा बांधते तो, असा, एक शेव कानावर. तो काढला. नाक तिनं स्वतःच्या बोटानं हवेत काढून दाखवलं. वण कुठं कुठं? ती डोळे मिटून स्वतःच्या गालावर बोटं टेकवत गेली, इथं, इथं, इथं तीन एका जागी, जणू पोराचं तोंडच ती चाचपत होती. कपाळावरच्या आठ्या मी काढल्या, तर म्हणाली नको, आठ्या त्याला नाहीतच. तो हसतो सारखा. वरचा एक दात आडवा आहे. मी आठ्या पुसून दात काढला. सावली कुठंच नाही. जे पाहून रस्त्यावरचा माणूस म्हणेल "अरे, हा तोच," तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं टाकायचं, हे मी तेव्हा मनात ठरवलं आणि जन्मभर तेच केलं. शेवटी डावा डोळा. बुबुळ न काढता मी नुसती पापणीची कमान काढली आणि आत कोरं ठेवलं. पंचफुलाबाई पाटीकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "हाव. हा व्हय." आणि रडली. मग जेवली. मायच्या हातच्या दोन भाकरी आणि सोल्यांची भाजी, पंधरवड्यातलं पहिलं धड जेवण असावं तिचं.

पातळ कागदावर ते चित्र उतरवून मी कागद पालथा लाकडावर चिकटवला, कारण छापताना डावं उजवं होतं आणि डोळा चुकीच्या बाजूला गेला तर सगळं मुसळ केरात. सागवान चिवट, वणांच्या बारक्या टिकल्या सोडून भोवतालचं कोरताना पटाशी दोनदा घसरली, एकदा अंगठ्यात घुसली. दिवस मावळायच्या आत ठोकळा तयार. आबा पानठेल्यावरून परत आले होते. त्यांनी ठोकळ्याखाली कागदाच्या घड्या घालून तो खिळ्यांच्या उंचीला आणला, चौकटीत आवळला, आणि मशीनचा पायटा मारला. पिवळ्या पतंगी कागदावर, पहिल्याच दाबाला, स्वच्छ, देवमन. खाली मी जुळवलेली अक्षरं: हरवला आहे. मुका व बहिरा. डावा डोळा पांढरा, तोंडावर देवीचे वण. आबांनी ती प्रत उजेडाला धरली. "जाड कोरलं," म्हणाले. ही त्यांची शाबासकी होती.

पाचशे प्रती काढल्या. यावेळी भिंतींवर चिकटवल्या नाहीत. एसटीच्या कंडक्टरांना दिल्या, जीपवाल्यांना दिल्या; रस्त्यात वाटा म्हटलं. रेघांचा चेहरा पाहून लोक खरंच हसले. पोरं म्हणाली, हा कोण राक्षस? पण कागद टाकून दिला नाही कोणी.

चौथ्या दिवशी शेलूबाजारचा एक जीपवाला छापखान्यासमोर हॉर्न वाजवत थांबला. मागे, धान्याच्या पोत्यांवर, डोक्याला दुपट्टा बांधलेला एक माणूस बसला होता आणि आडवा दात दाखवून हसत होता. मी ओट्यावरून उडी मारली. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं आणि मी ओरडले, "देवमन!" ऐकू येणार नाही हे माहीत असून ओरडले. पंचफुलाबाई धावत जाऊन जीपला अशी धडकली की जीपवाला घाबरला. त्यानं मग सांगितलं. देवमन शेलूबाजारच्या अड्ड्यावर पोती उचलत होता, एक चहावाला त्याला खायला घालत होता. "अन् गंमत पाहा," जीपवाला आबांना म्हणाला, "त्या चहाच्या टपरीवर तुमचा कोटवाला फोटू चिकटवेल हाये. हा भाऊ आठ दिस त्याच्याच खाली बसून चहा पिऊन राह्यला! आमी रोज पाह्यत होतो. कोनाले वाटन का हा तोच म्हनून? खालचं लिहेल वाचते कोन, सारे तोंडच पाह्यते. हे पिवयं कागद आलं, अन् चहावाला म्हने, अरे, हा तं आपला हाये!" आबा घशातल्या घशात काहीतरी बोलले आणि रूळ पुसायला आत गेले.

महिनाभरानं पंचफुलाबाई पुन्हा आली, देवमनला घेऊन. त्यानं छापखान्यात टांगलेलं पिवळं पत्रक पाहिलं, छातीवर हात आपटला आणि माझ्याकडे बघून हसत सुटला. ती म्हणाली, सोयरीक मोडली. पत्रक मालेगावकडे पोचलं, मुलीचा बाप येऊन चार माणसांत बोलून गेला. "तुमचं काम होतं का काई?" आबांनी विचारलं. तर म्हणाली, "हे तोंड पाह्यजे मले, चांगल्या कागदावर. पन खालतं लिहेल हाये न, हरवला आहे, थे काढून टाक वं पोरी." मी चौकट सोडली, अक्षरं काढून घेतली, नुसता ठोकळा पुन्हा आवळला. आबांनी लग्नपत्रिकेचा कागद काढून दिला आणि स्वतः पायटा मारला. ओली प्रत पंचफुलाबाईनं दोन्ही हातांवर घेतली, तोंडाजवळ धरून फुंकर घालत राहिली.

"आता ज्या पोरीच्या घरी जाईन," ती म्हणाली, "तिथं हाच दाखवीन. म्हनीन, पाह्य बाई. माहा पोरगा असा हाये."